लोमेचा बॅरिस्टर आणि बोटीवर गेलेले चुलते

एफडी मोडायला आलेला माणूस कारण क्वचितच धड सांगतो. लग्न असलं, दवाखाना असला तर आपणहून सांगतो. एरवी नुसतं ‘लागलेत जरा’. मी तरीही विचारते. वरच्या ऑफिसातून विमा किती विकला याची चौकशी न चुकता होते. मोडायला आलेली एफडी कुणी वेळेवर थांबवली का, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

ते काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कुडाळजवळच्या एका गावातले. हातात एफडीची पावती आणि भरलेला एनईएफटीचा फॉर्म. रक्कम ३८,५००. लाभार्थीच्या रकान्यात ‘फॉरेन रेमिटन्स डिपार्टमेंट’ आणि खात्याचा प्रकार बचत. एखाद्या खात्याचं, डिपार्टमेंटचं, बचत खातं नसतं. आयएफएससीची पहिली चार अक्षरं बँक सांगतात, मग शून्य, शेवटची सहा शाखा. ती सहा टाकून पाहिली तर शाखा दिल्लीची निघाली. त्या वेळी एनईएफटी नुसत्या खाते क्रमांकावर जमा व्हायची. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव पडताळायची सोय आम्हाला २०२५ च्या एप्रिलपासून मिळाली. ती इतकी उशिरा का मिळाली, याचा राग मला अजून आहे.

“काका, हे कोणाला पाठवताय?”

त्यांनी पिशवीतून ईमेलच्या प्रिंटा काढल्या. आमच्या कॅशियरने त्या ओढून घेतल्या आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पत्र टोगो देशातल्या लोमे शहराच्या एका बॅरिस्टरचं. त्यांचे अशील सावंत, तेलाचे कंत्राटदार, बायको आणि एकुलत्या मुलासह मोटार अपघातात वारले. बँकेत सव्वा कोटी डॉलर पडून आहेत. वारस सापडत नाही, आणि आपलं आडनाव तेच. पहिल्या परिच्छेदात बॅरिस्टर देवाला भिऊन वागणारे आहेत. दुसऱ्यात ‘आपण दोघांनी मिळून बँकेला पटवू’ म्हणतात. तिसऱ्यात वाटण्या, पन्नास टक्के त्यांना, चाळीस काकांना, दहा खर्चाला. सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचं ‘अँटी टेररिस्ट सर्टिफिकेट’, म्हणजे हा पैसा दहशतवाद्यांचा नाही याचा दाखला. त्याचीच फी ३८,५००. दाखल्यावर गव्हर्नरांची सही, तीही कॉम्प्युटरच्या तिरक्या टायपात.

सगळं काउंटर हसलं. हसू येण्यासारखं होतंच, मलाही आलं. पण ग्राहकासमोर त्याचा कागद मोठ्याने वाचायचा नसतो, ही गोष्ट वीस वर्षं कॅशवर बसलेल्या माणसाला सांगावी लागते याची मला लाज वाटली.

काका हसले नाहीत. म्हणाले, “मॅडम, माझे चुलते बोटीवर गेले ते आलेच नाहीत.”

कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मुंबईला जायचं, गाववाल्यांच्या खोलीत राहायचं, ओळखीने बोट मिळवायची. सुरुवातीला मनीऑर्डरी, मग एखादं पत्र, मग काहीच नाही. आजी वारली तोवर त्यांच्या नावाने श्राद्ध घालू दिलं नव्हतं. अशा घरात सावंत आडनावाचा माणूस परदेशात वारल्याचं पत्र येतं.

मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि प्रिंटा तारखेप्रमाणे लावल्या. हे काम मला येतं. मयत खातेदारांचे दावे मीच पाहते, कोणता कागद आधीचा हे त्यात सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या मेलमध्ये नुसतं आडनाव. मग काकांच्या पुतण्याने विचारलं होतं, ‘हे आमचे अमुक का? सिंधुदुर्गातले?’ चुलत्यांचं नाव, गाव, वडिलांचं नाव, सगळं त्यानेच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बॅरिस्टरांना ते सगळं ठाऊक. इंग्रजीत सिंधुदुर्ग लिहिताना पुतण्याकडून एक अक्षर राहिलं होतं. पुढच्या प्रत्येक मेलमध्ये, त्या दाखल्यावरसुद्धा, तेच अक्षर राहिलेलं. मी दोन्ही कागदांवर पेन्सिलीने गोल केले. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हे आम्हीच सांगितलं.”

या पत्रांचा मासला जुना आहे. नायजेरियाच्या दंडविधानातल्या कलमावरून त्याला ‘फोर वन नाइन’ म्हणतात. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान पडलं, ११३ माणसं गेली. त्यानंतर त्यातल्या खऱ्या मृतांच्या नावांनी, बातमीचा दुवा जोडून, अशी पत्रं कित्येक वर्षं फिरत होती. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं की पत्रातला हा वेडेपणा फसवणाऱ्यांच्या पथ्यावरच पडतो. मेल पाठवायला खर्च नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसायला माणूस लागतो. म्हणून जो हसणार आहे त्याने पहिल्याच ओळीत हसून निघून जावं, हे त्यांच्या सोयीचं. आमचं काउंटर त्या चाळणीतून पडलं. काका वर राहिले.

आणि खऱ्या वारसाला आम्ही काय देतो? नॉमिनेशन नसलं तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, क्षतिपूर्ती बंधपत्र, रक्कम मोठी असली की कोर्टाचं वारस प्रमाणपत्र. विधवा बायका सहा सहा महिने खेटे घालतात. आमची खरी पत्रंही अशी लिहिलेली असतात की शिकलेल्या माणसाला दोनदा वाचावी लागतात. लोमेचा बॅरिस्टर निदान ‘प्रिय बंधू’ म्हणून सुरुवात करतो. काकांना त्या दाखल्याची भाषा खरी वाटली, कारण ती आमच्याच भाषेसारखी होती.

एफडी मोडली नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा म्हटलं, तर पैसे गेलेच नाहीत म्हणून त्यांनी नको म्हटलं. ते खातं मात्र मी माझ्या बाजूने वर कळवलं. महिन्याभराने ते पुन्हा आले, नवी प्रिंट घेऊन. फसवणूक झालेल्यांना भरपाई मिळणार असून यादीत आपलं नाव आहे, असं त्यात होतं. या वेळी तेच हसत होते, आणि कॅशियरला वाचून दाखवत होते.

मग खुर्ची ओढून म्हणाले, “पण मॅडम, चुलत्यांचं खरंच शोधायचं झालं तर?”

दहा वर्षं दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टल आहे. त्यावर आम्ही दोघांनी नाव घालून पाहिलं, काही निघालं नाही. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला शिपिंग मास्टरचं, म्हणजे खलाशांच्या नोंदी ठेवणारं सरकारी ऑफिस आहे, तिथे द्यायचा अर्ज मी लिहून दिलाय. त्यात बोटीचं नाव आणि साल रिकामं आहे. बोटीवर काम केलेल्या जुन्या माणसांपैकी कुणाला अशी नोंद कशी काढतात हे ठाऊक असेल, तर मला सांगा. पुतण्या पुढच्या आठवड्यात मुंबईला निघतोय.