दोनदा भाजलेलं

चहात बुडवायचा टोस्ट बेकरीत दोनदा भाजतात. आधी पाव भाजायचा, तो थोडा शिळा होऊ द्यायचा, मग त्याचे काप करून मंद भट्टीत पुन्हा ठेवायचे. दुसऱ्या भाजणीचं मुख्य काम पाणी घालवण्याचं. पाणी गेलं की बुरशी धरत नाही. कोलंबस, वास्को द गामा आणि मॅगेलन यांच्या गलबतांवरचे खलाशी याच युक्तीवर जगत होते. होकायंत्रं, नकाशे आणि धाडस यांच्यावर ढीगभर लिहिलं गेलं, भट्टीवाल्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. लिस्बनसमोर, तेजो नदीच्या पलीकडे वाल द झेब्रो इथं पोर्तुगालच्या राजाच्या बिस्किटांच्या भट्ट्या होत्या आणि जवळच भरती-ओहोटीच्या पाण्यावर फिरणाऱ्या पिठाच्या गिरण्या. माझ्या मते हिंदुस्थानचा जलमार्ग तिथूनच सुरू होतो.

हे जहाजी बिस्कीट घरीही जमतं. अर्धा किलो कणीक आणि साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिली पाणी, बस्स. तेल-तूप अजिबात नको, कारण ते खवट होतं. मीठही नसलेलं बरं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पीठ इतकं घट्ट मळायचं की मनगट दुखलं पाहिजे. अर्धा तास झाकून ठेवून बोटाच्या अर्ध्या जाडीचं लाटायचं, चौकोन कापायचे आणि काट्याने आरपार टोचायचे. ही भोकं शोभेची नाहीत. ती नसतील तर आतली वाफ बिस्कीट फुगवते, मधे पोकळी होते आणि त्या पोकळीत राहिलेला ओलावा पुढे बुरशीचं घर होतो. दीडशे अंशांवर तासभर भाजायचं, उलटायचं, पुन्हा तासभर. घाईने आच वाढवली तर वरून तांबूस, आतून कच्चं. त्यानंतर शंभर अंशांच्या आसपास आणखी काही तास नुसतं वाळवायचं. झालं की नाही हे रंगावरून कळत नाही, तराजूवर कळतं: अर्धा किलो पिठाची सगळी बिस्किटं मिळून अर्ध्या किलोपेक्षा थोडी कमीच भरली पाहिजेत. घातलेलं पाणी तर गेलंच, पिठातलंही थोडं गेलं, असा त्याचा अर्थ. जास्त भरली तर परत भट्टीत. दाताने मात्र तोडायला जाऊ नये. खलाशी ती ठेचून रश्शात भिजवत.

१५१९ मध्ये मॅगेलनची पाच गलबतं स्पेनहून निघाली तेव्हा त्यांवर दोन हजारांहून अधिक क्विंटल बिस्किटं होती. त्या काळचा तिथला क्विंटल म्हणजे सुमारे ४६ किलो, तेव्हा हा साठा नव्वद टनांच्या वर जातो. माणसं २४० धरली आणि माणशी रोज अर्धा किलो दिला, तर दोन वर्षं निघावीत. हिशोब चोख होता. पण हिशोबात गलबताचा तळ धरलेला नसतो. लाकडी गलबत कितीही डांबरलं तरी पाझरतं, तळात पाणी साचून सडतं आणि त्याची वाफ कोठारापर्यंत चढते. भट्टीतून कोरडं निघालेलं बिस्कीट ती वाफ हळूहळू पिऊन घेतं. ते मऊ पडलं की किडे येतात आणि किड्यांमागून उंदीर.

कोलंबसच्या चौथ्या सफरीत (१५०२ ते १५०४) त्याचा मुलगा फर्नांदो बरोबर होता. बिस्किटांची लापशी खायला काही जण अंधार पडायची वाट पाहत, म्हणजे त्यातल्या अळ्या दिसत नसत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावर जोसेफ बँक्स हा निसर्गअभ्यासक होता. त्याने त्या किड्यांचे प्रकार आणि चवीही नोंदवल्या: मोहरीसारखे झणझणीत! शिवाय उपायही दिला. बिस्किटं बेताच्या गरम भट्टीत ठेवायची, की किडे आपल्या पायांनी चालते होतात. म्हणजे ही तिसरी भाजणी. अर्थात भट्टीची चैन वरच्या केबिनवाल्यांना होती, बाकीच्यांनी आपटून झटकायचं.

मॅगेलनचं सर्वांत मोठं गलबत सान आंतोनियो १५२० च्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या सामुद्रधुनीतूनच साथ सोडून माघारी गेलं आणि आपल्या पोटातला शिधाही घेऊन गेलं. त्याआधी एक गलबत फुटलं होतं. उरलेली तीन पॅसिफिकमध्ये शिरली. तीन महिने वीस दिवस ताजं अन्न नाही. पिगाफेत्ता हा सोबतचा इटालियन लिहितो की बिस्कीट राहिलंच नव्हतं, उरला होता तो उंदरांच्या मुताचा वास येणारा, अळ्या पडलेला भुगा. मग डोलकाठीच्या आडव्या काठीवर गुंडाळलेलं कातडं चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. उंदीर अर्ध्या दुकाटला (दुकाट म्हणजे सोन्याचं नाणं) विकला जाई, आणि तोही मिळेना.

पण बिस्कीट चांगलं असतं तरी माणसं मेली असतीच. कोरड्या धान्यात क जीवनसत्त्व मुळात नाही. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, माणूस जातो. याचा मोठा फटका वास्को द गामाला आपल्याच किनाऱ्यावरून निघाल्यावर बसला. येताना त्याने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वाटाड्या घेतला आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर २४ एप्रिल १४९८ ला निघून २० मे रोजी कालिकतपाशी नांगर टाकला. परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पाणी भरलं, गलबतांची डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबरला शीड उभारलं. नैर्ऋत्येचा वारा संपलेला, ईशान्येचा अजून धरलेला नाही. कोकणातला कुठलाही तांडेल म्हणाला असता, देवदिवाळीपर्यंत थांबा. पण कालिकतच्या सामुरीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, बिनसलेलं, अंजदीवलाही अनोळखी गलबतं घिरट्या घालून गेलेली. थांबणार कसा?

गलबतं पडल्या वाऱ्यात लोळत राहिली. आफ्रिकेचा किनारा दिसला २ जानेवारीला, म्हणजे तीन महिन्यांना तीन दिवस कमी. तेवढ्यात तीसेक माणसं गेली, आणि प्रत्येक गलबतावर काम करू शकणारे सात-आठच उरले. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली, तरी तिथंही काही जण दगावले. तीन गलबतं चालवायला माणसंच नव्हती, म्हणून सान राफाएल रिकामं करून जाळून टाकलं.

यातून पोर्तुगीज वेळापत्रक पटकन शिकले. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटायचं आणि गोवा-कोचीहून डिसेंबर-जानेवारीत परतायचं. लिंबाचा रस मात्र इंग्रजांच्या आरमारात नेमाने वाटला जाऊ लागला तो १७९५ पासून. तोही बिस्किटाच्या जागी नव्हे, बिस्किटासोबत.