४० पौंडांचं धनुष्य, ३५ पौंडांचा मी

दोन महिने मी माझ्या बोटांना शिव्या घालत होतो. फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, पोफळींच्या मागे, पेंढ्याचा गठ्ठा बांधून उभा केलाय. पंधरा मीटरवरून बाण सोडला की मुठीपाशी ‘टक्’ व्हायचं आणि बाण डावीकडे जाऊन चिऱ्याच्या गडग्यावर आपटायचा. सहातले दोन तिथेच चिरले. चिरलेला कार्बनचा बाण पुन्हा लावायचा नाही, सुटताना फुटून हातात घुसतो.

धनुष्य साधं, लाकडी. त्यावर लिहिलंय ‘४० पौंड, २८ इंचांवर’, म्हणजे २८ इंच खेचलं तर ४० पौंडांचा जोर. मी ४० तेवढं वाचलं आणि ५०० स्पाइनचे बाण मागवले. स्पाइन म्हणजे बाणाची कांडी किती लवते त्याचं माप. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर कांडी ठेवून मधोमध ८८० ग्रॅम टांगायचे. अर्धा इंच लवली तर ५००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ.

ओळखीचे एक जुने तिरंदाज घरी आले होते. मुठीवरचा घासलेला पट्टा बघून म्हणाले, “धनुष्य चाळीसचं असेल रे, तू कितीचा?”

बॅगा तोलायचा काटा दोरीत अडकवून मी नेहमीसारखं खेचलं. बाबांनी वाचलं, “सोळा किलोला जरा कमी.” म्हणजे ३५ पौंड! माझी खेच २६ इंचांचीच, वरचे पौंड मला कधी मिळालेच नव्हते. अशा धनुष्याची मूठ मधोमध येते, बाणाला सुटताना लवून तिला वळसा घालावा लागतो. एवढ्या कमी जोरात माझा ताठ बाण लवत नव्हता. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा असा बाण डावीकडे जातो.

आधी कंजूषपणा केला. १०० ग्रेनचं (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) टोक काढून १७५ चं लावलं, कारण पुढे वजन वाढलं की बाण मऊ वागतो. फरक पडला, पुरेसा नाही. मग ७०० चे घेतले, न कापलेले. एकाला पिसंच लावली नाहीत, कारण पिसं बाणाची चूक झाकतात. हा बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागला. आता मऊ! लांबी कमी केली की ताठपणा येतो, म्हणून तोंडाला मास्क लावून ग्राइंडरवर पाव-पाव इंच कापत गेलो. कापलेलं परत जोडता येत नाही, त्यामुळे दर वेळी हात थरथरायचा. चौथ्या कापानंतर तो बाकीच्यांच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर रुतला. ‘टक्’ नाही. मगच उरलेले त्या मापाने कापले.

प्लॅस्टिकच्या पात्यांऐवजी पिसंच ठेवलीत, मुठीला घासून जाताना ती दबतात. पण आपल्या पावसात ती ओली होऊन चपटी पडतात. चहाच्या आधणाच्या वाफेवर क्षणभर धरली की उभी राहतात. आई म्हणते, “बाण उकळून झाले असतील तर दूध घालते.”