त्याच्याही गुडघ्याला पट्टी

दुपारपासून चिडचिड होते आहे. कारण इतकं किरकोळ की वहिनीला फोनवर सांगायला घेतलं आणि अर्ध्यातच विषय भाजीच्या भावांवर नेला. आई एक वाक्य बोलली आणि चहा टाकायला उठून गेली. बस, एवढंच. पण त्या वाक्यानंतर माझी लाडकी लढत मला नीट बघता येईनाशी झाली आहे.

लढत म्हणजे अर्थातच सुमो कुस्तीची, जपानमधलं ओसाका, मार्च 2017, पंधरा दिवसांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. अंग दुखायला लागलं की कोणी बाम चोळतं, कोणी स्तोत्र लावतं, मी सुमो पैलवान किसेनोसातो लावते. खांद्याचं हे सुरू झाल्यापासून तर तो घरचाच झालाय. माझा डावा, त्याचाही डावा. एकोणीस वर्षांनी जपानमध्ये जन्मलेला कोणी योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च पदाचा पैलवान, झाला होता, आणि त्या पदावरची ही त्याची पहिलीच स्पर्धा. पहिले बारा दिवस एकही हार नाही. तेराव्या दिवशी हारुमाफुजीने त्याला दोह्योवरून, म्हणजे मातीच्या उंच आखाड्यावरून, खाली घालवला आणि तो खांदा धरून तसाच पडून राहिला. अँब्युलन्स आली. सगळ्यांना वाटलं, संपलं. चौदाव्या दिवशी तो छातीपर्यंत पट्ट्या लावून आला आणि काकुर्यूने त्याला फारसे कष्ट न घेता बाहेर काढला.

मग शेवटचा दिवस. समोर ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या लगेच खालच्या पदावरचा, तेरुनोफुजी, तेरा विजय आणि एक हार. किसेनोसातोचे बारा विजय, दोन हार. कप हवा तर आधी ठरलेली लढत जिंकायची आणि बरोबरी झाली की लगेच निर्णायक लढत, तीही जिंकायची. म्हणजे एकाच संध्याकाळी, त्याच माणसाविरुद्ध, एका हाताने दोनदा. आणि हात तरी कुठला गेलेला? त्याची सगळी कुस्ती ज्याच्यावर उभी होती तोच. डाव्या हाताने समोरच्याचा दंड खालून दाबत, त्याला उठवत पुढे रेटायचं, हीच त्याची खासियत.

दोन्ही जिंकला. पहिलीत कडेला फिरून तेरुनोफुजीला खाली दाबला. दुसरीत तर तो मागे मागेच जात होता, पाय कडेच्या पेंढ्याच्या वळकट्यांना टेकायच्या बेतात, आणि तिथून धडधाकट उजव्या हाताने त्याचा दंड आवळून फेकला. नंतर राष्ट्रगीत सुरू होतं. एरवी दगडासारखा चेहरा ठेवणारा तो माणूस रडायला लागतो. मीही. दर वेळी त्याच जागी.

तर आज दुपारी मी त्या जागेपर्यंत पोचले होते आणि आई मागून म्हणाली, "हा जो पडला ना, त्याच्याही दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या आहेत. त्याला कोणी विचारलं का, काय झालंय म्हणून?"

आईच्या माहेरी, कोल्हापुरात, घरामागेच तालीम होती. पैलवान बघायचा तो पायापासून, ही तिची सवय. तिला योकोझुना कोण, ओझेकी कोण, काही देणंघेणं नाही. माझ्या मोबाइलमध्ये तिला नेहमी "ते जाडे" दिसतात. आणि मी इतक्या वेळा बघूनही जिथे कधी थांबले नव्हते तिथे ही एका नजरेत जाऊन पोचली.

मी लगेच म्हटलं, "अगं, तो आदल्या दिवशी बाजूला सरकला होता, म्हणून लोक चिडले होते."

"सरकला म्हणजे?"

सांगायला लागले आणि सांगता सांगता माझंच तोंड आंबट झालं. चौदाव्या दिवशी तेरुनोफुजी समोर आला होता कोतोशोगिकुच्या. कोतोशोगिकुचं ओझेकीपद नुकतंच गेलेलं, ते परत मिळवायला दहा विजय हवे होते आणि झाले होते आठ. दोन लढती उरलेल्या, दोन्ही जिंकणं भाग. तेरुनोफुजीने त्याच्याशी सरळ भिडायचं सोडून बाजू दिली आणि त्याला तोंडावर पाडला. नियमाने बरोबर, रीतीने वाईट. ओसाकाचं पब्लिक बोंबललं. त्यात कोणीतरी "मंगोलियाला परत जा" असंही ओरडलं. गुडघे चालत नसलेला माणूस समोरासमोरची धडक टाळतो, यात नवल ते काय, हे त्या दिवशी कोणाला सुचलं नसावं. मलाही सुचलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या लढतीत किसेनोसातो स्वतःसुद्धा सरळ भिडला नाही, बाजूलाच सरकला. त्याला टाळ्या. हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि त्याचं काहीही वाटत नव्हतं. त्याचा खांदा दिसत होता ना.

म्हणजे मी रडते ती नेमकी कशासाठी? दुखण्यासाठी रडत असते तर दुखणारी दोन माणसं होती तिथे. मग जिंकण्यासाठी? जिंकणारे काय, दर दोन महिन्यांनी एक असतोच. योकोझुना हाकुहो 45 वेळा स्पर्धा जिंकला, त्याच्यासाठी मी एकदाही डोळे पुसलेले नाहीत. (हाकुहोबद्दल परत कधीतरी. त्याचं प्रकरण वेगळं आहे.)

चहा झाल्यावर ती 2001 ची लावून बघितली, मे महिन्यातली. ताकानोहाना आणि मुसाशिमारु. आदल्या दिवशी ताकानोहानाचा गुडघा गेलेला, चालताना दिसतंय. शेवटच्या दिवशी ठरलेली लढत तो पटकन हरतो. बरोबरी. निर्णायक लढतीत त्याच गुडघ्यावर उभा राहून मुसाशिमारुला फेकतो आणि मग तो चेहरा करतो. ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. कप द्यायला खुद्द पंतप्रधान कोइझुमी दोह्योवर. दुखणं सोसून छान लढलास, मी भारावलो, असं ते चक्क ओरडले. अख्ख्या जपानचा ऊर भरून आला. त्यानंतर ताकानोहाना सलग सात स्पर्धांना गैरहजर. मधे एकदा परत आला, बरा लढला, आणि जानेवारी 2003 मध्ये निवृत्त. ती लढत म्हणजे त्याचं बाविसावं आणि शेवटचं विजेतेपद.

किसेनोसातोचंही तेच. ओसाकानंतर सलग आठ स्पर्धा, काही पूर्ण बुडाल्या, काही अर्ध्यात सोडल्या. योकोझुना म्हणून त्याचा सगळा हिशेब 36 विजय, 36 हार आणि 97 गैरहजेऱ्या. जानेवारी 2019 मध्ये ओळीने तीन हरला आणि थांबला. निवृत्तीच्या दिवशीही रडत म्हणाला की कणभरही पश्चात्ताप नाही. तो वाक्याचा पक्का असेल. मला मात्र आता ते वाक्य ऐकवत नाही.

माहितीपटांमध्ये एक ठरलेला भाग असतो. पहाट, थंडी, मातीचा आखाडा. थोरला छाती पुढे करून उभा, धाकटा त्याला ढकलतोय, पडतोय, पाठीला माती, तोंडाने श्वास, आणि कोपऱ्यातून "ऊठ". निवेदकाचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली येतो. मी तो भाग आजवर मन लावून बघत आले. 2007 साली अशाच 'सरावा'च्या नावाखाली सतरा वर्षांचा एक मुलगा गेला आणि त्याच्या वस्तादाला शिक्षा झाली, हेही मला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, कधी भेटत नाहीत. शिवाय ते मायझुरू गावचं, महापौर दोह्योवर कोसळले तेव्हा मदतीला धावलेल्या बायकांना, दोह्यो बायकांना वर्ज्य म्हणून, माइकवरून खाली उतरायला सांगितलं ते. त्यावर आत्ता नको.

खरं सांगायचं तर संध्याकाळी माझी गाडी तेरुनोफुजीवरून घसरून माझ्यावरच आली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, केस बांधता येत नाहीत, ब्लाउजचे हूक आई लावून देते, आणि तरी महिनाअखेरीला रात्री नऊपर्यंत बसून मी सगळे व्हाउचर्स संपवले. कोणी उठून उभं राहिलं का? साहेबांनी मान वर केली ती पंखा कमी करायला. दादा म्हणाला, "मग रजा घ्यायची ना." घ्यायची ना! जसं काही मी हौसेने बसले होते. मी किती वेळ या विचारात स्वतःला गोंजारत होते ते सांगत नाही. दोह्यो, पट्ट्या, मी, आणि समोर सगळं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवतंय.

मग मनातल्या मनात कोइझुमींना आमच्या अकाउंट्समध्ये आणलं. सूट घातलेले, केस ते तसे विस्कटलेले, हातात तो भला मोठा कप, आणि फाइलींच्या कपाटाला टेकून माझ्यावर ओरडतायत, "दुखणं सोसून छान टॅली केलंस! मी भारावलो!" एकटीच हसले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही.

पण हसून झाल्यावरही तो गुडघा काही जाईना. म्हणून जेवणानंतर तेरुनोफुजीचं पुढचं सगळं ओळीने बघितलं. एरवी मी त्याचं परत येणं बघते, जाणं बघत नाही. त्या ओसाकानंतर वर्ष संपायच्या आत त्याचं ओझेकीपद गेलं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया, वर मधुमेह. घसरत घसरत खालून दुसऱ्या गटात, जोनिदानमध्ये. ओझेकी राहिलेला माणूस इतका खाली गेल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्या गटाच्या लढती सकाळी होतात, सभागृह जवळपास रिकामं असतं, मवाशी, म्हणजे सुमोचा लंगोट, रेशमी नाही, काळा सुती. सोडतो म्हणून त्याने वस्तादांना पुन्हा पुन्हा सांगितलं. इसेगाहामा, म्हणजे जुने योकोझुना असाहिफुजी, ऐकेनात. आधी बरा हो, मग बोलू. मार्च 2019 मध्ये तो त्या काळ्या मवाशीत उतरला. जुलै 2020 मध्ये वरच्या गटात परतला आणि परतल्या परतल्या स्पर्धा जिंकली. 2021 मध्ये योकोझुना.

किसेनोसातो 72 वा योकोझुना आणि लगेच पुढचा, 73 वा, तेरुनोफुजी. हा क्रम मला पाठ आहे. पण ज्याला पाडलं म्हणून मी रडते तोच पुढच्या ओळीत उभा आहे, हे आज पहिल्यांदा टोचलं. त्याने एकूण दहा विजेतेपदं घेतली, जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाला, आणि शेवटपर्यंत पट्ट्या सुटल्या नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. हरलेल्यालाही न्याय मिळाला, आईला सांगून मोकळी झाले असते. पण मग मार्च 2024 आठवलं. पुन्हा ओसाका. ताकेरुफुजी, वरच्या गटातली पहिलीच स्पर्धा, चौदाव्या दिवशी उजवा घोटा गेला, व्हीलचेअर, अँब्युलन्स. पंधराव्या दिवशी तो उतरला, जिंकला, आणि पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद 110 वर्षांनी कोणी मिळवलं. पुढच्या स्पर्धेला अर्थातच गैरहजर. आदल्या रात्री तो माघार घ्यायच्या विचारात होता. तुला जमेल, असं सांगून त्याला उभं कोणी केलं? त्याच तालमीच्या योकोझुनाने. तेरुनोफुजीने!

मी खुर्चीतच बसून राहिले. ज्याला दुखऱ्या गुडघ्यांनी एवढं फिरवून आणलं तोच म्हणतो, उतर. काय म्हणायचं याला? क्रौर्य म्हणवत नाही. त्याला त्या रात्रीची किंमत आपल्यापेक्षा नक्की जास्त कळत असणार, दोन्ही बाजूंनी. मी सोफ्यावरून कोण ठरवणार. आणि ताकेरुफुजीच्या त्या दिवशीही मी रडलेच होते. उद्या लावली तर परत रडेन. ते आईच्या एका वाक्याने जायचं नाही, एवढं कळलंय.

झोपायच्या आधी एक गोष्ट मात्र वाचून काढली. सुमोत पूर्वी दुखापतीची रजा असायची. 1972 पासून. स्पर्धेत लागलं तर पुढची स्पर्धा घरी बसा, क्रमवारीतली जागा हलणार नाही. 2003 च्या अखेरीस ती बंद केली. कारण? घेणारे फार वाढले. हे वाचून मी जपानपर्यंत ऐकू जाईल असं "अगदी बरोबर" म्हटलं. आमच्या एचआरचं तर रोजचं वाक्य आहे ते. तेव्हापासून लागलेला पैलवान घरी बसला की खाली घसरतो, म्हणून पट्ट्या लावून उतरतो, आणि मी इकडे हुंदके देते.

ओझेकीपद जायची मला भीती नाही. आमच्याकडे वरिष्ठ सहायकाच्या खाली घसरायला जागाच नाही. तेव्हा मेल करून टाकली. सोमवारपासून तीन दिवस वैद्यकीय रजा. फिजिओची वेळ सकाळची आहे, अकरापर्यंत घरी. रविवारी नवी स्पर्धा सुरू होते आहे आणि वरच्या गटाच्या लढती आपल्याकडे साडेबारानंतर लागतात, अडीचच्या आत योकोझुना उरकतात. ऑफिसात असते तर डब्याच्या वेळात चोरून बघावं लागलं असतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, पण या वेळी पायापासून बघ."