ईस्टन वेस्टचे करायचे काय?

ॲडलेडच्या पूर्वेला ज्या टेकड्या आहेत, त्यांत सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा आहेत, द्राक्षमळे आहेत, जर्मन स्थलांतरितांनी १८३९ मध्ये वसवलेले हानडॉर्फ हे गाव आहे, आणि २०२१ पासून टीव्हीच्या कृपेने एक अत्यंत उर्मट शेफही तिथे मुक्कामाला आहे. त्याचे नाव ईस्टन वेस्ट. एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीने दाखवलेल्या ‘आफ्टरटेस्ट’ या विनोदी मालिकेचा हा नायक. तरुणपणी गाव सोडून गेलेला, जगभर नाव कमावलेला, त्या नावावर स्वतःच्याच तोंडाने बोळा फिरवलेला, आणि कुठेच थारा उरला नाही तेव्हा टेकड्यांमधल्या आपल्या माणसांकडे परतलेला. ती माणसे त्याच्या स्वागताला ओवाळणीचे ताट घेऊन उभी नसतात, हे सांगायला नकोच. त्याची भाची डायना मात्र उत्तम पेस्ट्री करणारी, जिभेची तिखट आणि मामाच्या कीर्तीने अजिबात न दबणारी मुलगी आहे, आणि या मामा-भाचीने मिळून रेस्टॉरंट काढायचे ठरवल्यावर जे होते त्याची ही गोष्ट आहे.

विनोदी मालिका म्हटल्यावर प्रेक्षकांचे दोनच तट पडावेत, हसलेल्यांचा आणि न हसलेल्यांचा. येथे तसे झालेले नाही. ज्यांना मालिका आवडली त्यांतल्या पुष्कळांना ईस्टन आवडत नाही, आणि ज्यांनी ती अर्ध्यावर सोडली त्यांतल्या काहींची तक्रार ईस्टनबद्दल नसून बाकी सगळ्यांबद्दल आहे. कोणी म्हणते, शिव्या फार आहेत; कोणी म्हणते, खऱ्या किचनमध्ये याच्या दुप्पट ऐकू येतात. कोणाला वाटते की हा माणूस सुधारायला फार वेळ लावतो, तर कोणाला तो सुधारू लागतो तिथेच मालिकेतली गंमत संपल्यासारखी वाटते. ही सगळी मते ऐकल्यावर माझी अशी समजूत झाली आहे की वाद विनोदाचा नाहीच. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे तत्त्व सगळ्यांनाच कमीजास्त मान्य असते. लाथा किती, आणि त्या खायच्या कोणी, यावर मात्र एकमत होत नाही.

आमच्या शेजारच्या बाईंचा आक्षेप सर्वांत निराळा आणि सर्वांत प्रामाणिक होता. ईस्टनची भूमिका करणारे एरिक थॉमसन हे या देशातल्या प्रेक्षकांच्या घरातलेच माणूस. ‘पॅक्ड टू द राफ्टर्स’ या २००८ ते २०१३ या काळात चाललेल्या लोकप्रिय कौटुंबिक मालिकेत त्यांनी डेव्ह राफ्टर नावाच्या इलेक्ट्रिशियनचे काम केले होते, आणि तो डेव्ह म्हणजे बायकोमुलांत रमणारा, समंजस, रागावला तरी आधी श्वास घेणारा बाप. अशा माणसाच्या तोंडून ईस्टनची भाषा ऐकताना आपल्याला शरमल्यासारखे होते, असे त्या बाई म्हणाल्या. गंमत अशी की २०२१ याच वर्षी राफ्टर कुटुंबाची नवी मालिकाही आली आणि त्यात थॉमसन पुन्हा सालस बाप झाले, त्यामुळे एकच चेहरा वर्षाच्या सुरुवातीला शिव्या देत होता आणि सप्टेंबरात घर सांभाळत होता. मला स्वतःला ही निवड मालिकेची सर्वांत हुशार चाल वाटते. ज्याच्या चेहऱ्यात मुळात चांगुलपणा आहे त्याने दुष्ट बोलावे, म्हणजे प्रेक्षक त्याला सोडूनही देत नाही आणि माफही करत नाही. तो अडकून राहतो. शेजारच्या बाई दोन्ही पर्वे पाहून संपवल्यावरच ही तक्रार घेऊन आल्या होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

माझ्या सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा ऑस्ट्रेलियाचे किचन त्यांना आधीपासून ठाऊक होते, कारण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांप्रमाणे त्यांच्या घरीही वर्षानुवर्षे ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ मन लावून पाहिले गेले आहे. २०१३ च्या पर्वात मूळचे कोल्हापूरचे ऋषी देसाई उतरले तेव्हा तर ती स्पर्धा आपल्या घरचीच झाली होती. त्या कार्यक्रमात परीक्षक पदार्थ चाखून डोळे पुसतात, हरलेला जिंकलेल्याला मिठी मारतो, आणि ज्याची खीर लागली त्यालासुद्धा ‘तुझा विचार चांगला होता’ असे सांगितले जाते. २०१८ चे विजेते शशी चेलिया तर आमच्या ॲडलेडचेच. तुरुंगात अधिकारी म्हणून नोकरी करणारा हा शांत माणूस पुढे येथेच रेस्टॉरंट चालवू लागला. तुरुंगातला अधिकारी इतका मवाळ आणि शेफ इतका जहाल, याची संगती सासूबाईंना लागेना. पहिला भाग संपल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, “अगं, एवढं चिडचिड करून केलेलं अन्न अंगी तरी लागत असेल का गं कुणाच्या?”

या प्रश्नाला मालिकेने उत्तर दिलेले नाही, पण ऑस्ट्रेलियाने त्यावर कामकाज मात्र केलेले आहे. ‘मास्टरशेफ’ येथे सुरू झाले २००९ मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे वेड एवढे वाढले की जुलै २०१० मधली पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची दूरचित्रवाणीवरची चर्चा, म्हणजे जुलिया गिलार्ड आणि टोनी ॲबट यांचा सामना, अंतिम फेरीच्या आड येऊ नये म्हणून तासभर अलीकडे आणावी लागली. ती अंतिम फेरी चाळीस लाखांच्या आसपास लोकांनी पाहिली. त्याच्या थोडेच आधी, २००८ मध्ये, गॉर्डन रॅमझी या ब्रिटिश शेफच्या कार्यक्रमाच्या एका भागात एकच शिवी सुमारे ८० वेळा आली म्हणून सिनेटमध्ये टीव्हीवरच्या असभ्य भाषेची चौकशी झाली होती, आणि ती मागणी लावून धरणारे सिनेटर कोरी बर्नार्डी होते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे, म्हणजे ईस्टनच्याच राज्याचे. शेफने ओरडावे की मिठी मारावी हा प्रश्न या देशाने असा संसदेपर्यंत नेलेला असल्यामुळे, २०२१ मध्ये ओरडणारा शेफ विनोदाचा नायक म्हणून आला तेव्हा प्रेक्षकांची मते तयारच होती. मालिकेने त्या मतांना फक्त एक चेहरा दिला.

ओरडण्यापेक्षा मोठी गोष्ट त्याआधी दोनच वर्षे घडलेली होती. जुलै २०१९ मध्ये ‘मास्टरशेफ’च्याच एका नामवंत परीक्षकाच्या रेस्टॉरंट समूहाने पाचशेहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांना एकूण सुमारे ७८ लाख डॉलर कमी पगार दिल्याचे प्रकरण गाजले, आणि पडद्यावर गोड बोलणाऱ्या शेफच्या किचनमध्येही काय काय शिजत असते हे लोकांना कळले. आमच्या ओळखीचा नाशिकचा एक मुलगा येथे शिकता शिकता एका रेस्टॉरंटमध्ये किचनहँडचे काम करतो. म्हणजे भांडी घासतो, बटाटे सोलतो, ओल्या फरशीवर मॉप मारतो आणि रात्री साडेअकराला बस पकडतो. त्याला मालिका फार आवडली. शिव्यांचे त्याला काहीच वाटले नाही. “काकू, ओरडणारा शेफ परवडतो,” तो म्हणाला, “गप्प बसून रोस्टरमधून नाव काढतो ना, त्याची भीती वाटते.” त्याची तक्रार एवढीच की ईस्टनच्या किचनमध्ये भांडी कोण घासते हे नीट दाखवलेले नाही, आणि ज्या किचनमध्ये भांडी आपोआप स्वच्छ होतात ते खोटे. या टीकेपुढे मला वर्तमानपत्री परीक्षणे फिकी वाटली.

माझे मत विचाराल तर ही मालिका डायनाची आहे, आणि ते ज्यांच्या लक्षात आले त्यांना ती अधिक आवडली. नॅटली ॲबट या संगीत नाटकांच्या रंगभूमीवरून आलेल्या नटीने ती उभी केली आहे. मामा-भाचीचे भांडण हे वयाचे किंवा काळाचे भांडण आहे असे बहुतेक जण समजतात, आणि मालिकाही कधीकधी तसेच समजते. पण मला त्याचे मूळ त्यांच्या कामातच दिसते. शेगडीवरचा शेफ चव घेत घेत पुढे जातो. मीठ कमी पडले तर शेवटी घालतो, रस्सा आटला तर पाणी सोडतो, आणि ऐन गर्दीत ऑर्डरी ओरडून सांगणे हा त्याच्या कामाचा भागच असतो. पेस्ट्रीला ही मुभा नाही. पफ पेस्ट्रीच्या पिठात लोण्याची लादी ठेवून ते लाटतात, त्याची तीन पदरी घडी घालतात, थंड जागी विसावू देतात, पुन्हा लाटतात, पुन्हा घडी घालतात. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे ७२९ पदर होतात. लोणी पिठापेक्षा घट्ट राहिले तर ते आत तुटते, सैल झाले तर पिठात मुरते आणि भट्टीत पदर सुटतच नाहीत, आणि दोन्ही बाबतींत चूक कळते ती सगळे भाजून झाल्यावर, जेव्हा काहीच करता येत नाही. येथे घाई चालत नाही आणि ओरडून उपयोग नसतो. लोणी कोणाच्या कीर्तीला भीत नाही. सासूबाईंनी हे ऐकले आणि त्यांना चिरोट्यांचा साटा आठवला, तूप आणि तांदळाची पिठी फेसून पोळ्यांवर लावायचा तो. तोही पातळ झाला की पदर जातात. त्या दिवसापासून त्या डायनाच्या बाजूच्या झाल्या.

ज्या प्रेक्षकांना मालिका फसल्यासारखी वाटते, त्यांचेही काही अगदी खरे आहे. ईस्टनच्या अपराधांचा हिशोब मालिका पुरता मांडत नाही. त्याचा राग मोठा असतो, पश्चात्ताप मात्र प्रत्येक वेळी टेकड्यांवरच्या सुंदर संध्याकाळी होतो, आणि द्राक्षमळ्यांवर तिरपे ऊन पडले की लेखकांना संवाद लिहायची गरज वाटेनाशी होते. डोईजड झालेल्या माणसाला जमिनीवर आणण्यात ऑस्ट्रेलियन माणसाला एक राष्ट्रीय समाधान मिळते, इतके की उंच वाढलेल्या खसखशीच्या झाडांची मान छाटण्याची उपमा येथे रोजच्या बोलण्यात वापरतात. अशा प्रेक्षकाला ईस्टनची पुरेशी छाटणी हवी होती. ती अर्धीच झाली, म्हणून तो नाराज. उलट ज्यांना उर्मट माणसाच्या तोंडचे टोमणे ऐकायला मजा येत होती, त्यांना तेवढी छाटणीही नको होती. दोघांनाही अर्धेच मिळाले, आणि अर्ध्या ताटावरून उठलेला माणूस आचाऱ्याबद्दल बरे बोलत नाही.

आणखी एक तक्रार ऐकू येते, ती पैशांची. एबीसी जनतेच्या पैशांवर चालते, आणि जनतेच्या पैशांतून एवढ्या शिव्या कशाला, असे विचारणारे लोक कमी नाहीत. या तक्रारीला दक्षिण ऑस्ट्रेलियात एक मजेदार उत्तर आहे. सत्तरच्या दशकात या राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, असलेले डॉन डन्स्टन स्वतः हौशी स्वयंपाकी होते. पदावर असताना, १९७६ मध्ये, त्यांनी पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि राजकारण सोडल्यावर पुढे नॉरवूड या उपनगरात रेस्टॉरंटही काढले. त्यांच्याच सरकारने १९७२ मध्ये राज्याचे चित्रपट महामंडळ स्थापन केले, आणि त्या महामंडळाचे साहाय्य ‘आफ्टरटेस्ट’ला मिळालेले आहे. म्हणजे सरकारने स्वयंपाक करावा आणि सिनेमालाही पैसे द्यावेत, हे येथे जुनेच आहे. हे राज्य आपल्या खाण्यापिण्याबद्दल भलतेच हळवे आहे. वाटाण्याच्या दाट सूपमध्ये मांसाचे सारण भरून भाजलेली ‘पाय’ (pie) बुडवून वर टोमॅटो सॉस ओतलेला ‘पाय फ्लोटर’ नावाचा जो पदार्थ पाहून परप्रांतीय दोन पावले मागे सरकतात, त्याला येथल्या नॅशनल ट्रस्टने २००३ मध्ये वारशाचा मान दिला आहे. अशा ठिकाणी परदेशी राहून आलेला, गावाच्या चवीला नाक मुरडणारा शेफ सोडला म्हणजे त्याला ऐकून घ्यावे लागणारच. मेलबर्नच्या किंवा सिडनीच्या एखाद्या झगमगीत रेस्टॉरंटात हीच गोष्ट घडवली असती तर ती इतकी बोचली नसती आणि इतकी हसवलीही नसती, असे मला वाटते.

अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग, अशी दोन पर्वे झाली; दुसरे २०२२ मध्ये आले. सगळे मिळून बारा भाग एका लांबलेल्या शनिवारी-रविवारी सहज संपतात. आमच्याकडे ते संपले तेव्हा तिसरे पर्व आलेच तर ते कसे असावे यावर जेवणाच्या टेबलाशी चर्चा झाली. सासूबाईंच्या मते रेस्टॉरंट डायनाच्या नावावर करावे आणि ईस्टनला तिथे भांडी घासायला ठेवावे. नाशिकचा मुलगा त्या दिवशी जेवायला होता. त्याला पहिली सूचना मान्य होती, दुसरी नव्हती. त्याच्या मते भांडी घासायच्या जागेवर असल्या माणसाला कोणी दोन शिफ्टच्या वर ठेवून घेणार नाही.