पस्तीस कळा

दुपारच्या रेंगाळलेल्या मीटिंगमध्ये एखादा माणूस फोन टेबलाखाली धरून, मान वर ठेवून, साहेबांकडे बघत बघत आख्खा मेसेज लिहून मोकळा होतो. असा कुणी दिसला की समजावं, हातात कळांचा फोन आहे. काचेवर हे जमत नाही. काचेच्या लेखी सगळी अक्षरं सारखीच गुळगुळीत.

ब्लॅकबेरी फोनच्या कळा सपाट नसतात. प्रत्येकीची एक बाजू किंचित उचललेली असते, त्यामुळे अंगठा शेजारणीवर घसरत नाही. ओळींच्या मधे पट्ट्या, सतारीच्या पडद्यांसारख्या. वरून खाली येताना किती ओलांडल्या ते न बघता समजतं. तीन ओळी दहा-दहाच्या, खाली पाच कळा, एकूण पस्तीस. आकड्यांना वेगळी ओळ नाही, ते अक्षरांच्याच अंगावर: डब्ल्यू-ई-आर म्हणजे एक-दोन-तीन, त्याखाली एस-डी-एफ, मग झेड-एक्स-सी. शून्याला मात्र स्पेसबारच्या डावीकडे स्वतंत्र घर. 2018 च्या ‘की टू’ या मॉडेलमध्ये कळा आधीच्या ‘कीवन’पेक्षा उंच झाल्या आणि चकाकी जाऊन खरखरीत झाल्या. घामट बोटांच्या माणसाला हा फरक पहिल्याच मेसेजला लागतो.

सवयी मात्र त्याहूनही जुन्या. दोनदा स्पेस दाबली की पूर्णविराम. ब्लॅकबेरीच्याच जुन्या ‘बोल्ड’ मॉडेलवर ईमेल-पत्त्याच्या रकान्यात स्पेस दाबली की आधी ॲटचं चिन्ह यायचं, पुढच्या वेळी टिंब. हे ज्याने कुणी सुचवलं त्याला मनातल्या मनात नमस्कार करावा असं मला अजून वाटतं. अँड्रॉइडवाल्या कीवनमध्ये स्पेसबारलाच बोटाचा ठसा ओळखता येतो, आणि कळांच्या पृष्ठभागावरून बोट फिरवलं की पान सरकतं. सुचवलेल्या शब्दाखालून बोट वर ढकललं की शब्द वाक्यात जाऊन बसतो. पावसात याचीच पंचाईत. बोट ओलं असेल तर लिहिता लिहिता पान सुटतं किंवा कर्सर भलत्याच ओळीत जातो. अशा वेळी कळांवरचं स्क्रोलिंग सेटिंगमधून बंद ठेवलेलं बरं.

दुखणं म्हणावं तर कळेखाली. तिथे पत्र्याची पातळ घुमटी असते. ती आत बसते तेव्हा ‘टक’ होतं. धूळ, बिस्किटाचा चुरा किंवा दमट हवा तिथवर पोचली की एकदा दाबून अक्षर दोनदा उमटतं, नाहीतर उमटतच नाही. फोन बंद करून मऊ ब्रश आडवा फिरवायचा, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावून फटीतून पुसायचं. बाटली थेट ओतली तर चुरा आणखी आत जातो. घुमटीच थकली असेल तर पुसून काही होत नाही, कीबोर्ड बदलावा लागतो, आणि तो मिळणं दिवसेंदिवस कठीण.

आणि मग आपली भाषा. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेली कळांची मांडणी, या पस्तीस कळांवर बसवू म्हटलं तर क, त, र, प अगदी सुखाने बसतात. पण च असतो अर्धविरामाच्या कळेवर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या, य तिरप्या रेघेच्या. या चारही कळा इथे नाहीतच! त्यांच्यावर शिफ्टने येणारे छ, ठ, ढ सुद्धा त्यांच्याबरोबर गेले. म्हणजे पोळी लिहिता येईल, चपाती नाही. साखर मिळेल, चहा नाही. मराठी हा शब्दही अडतो, ठ-पाशी.

पडद्यावरचा देवनागरी कीबोर्ड उघडावा, तर साडेचार इंचांच्या पडद्यातला निम्मा त्यातच जातो आणि खालच्या सुंदर कळा बघत बसतात. यूपीआयचा पिन टाकतानाही तेच, आकड्यांचा तक्ता पडद्यावरच उगवतो. शेवटी बहुतेक जण रोमनमध्येच मराठी लिहितात: सी-एच-ए-एच-ए. वाचणारा चहाच समजतो, आणि ते टेबलाखाली, न बघता लिहिता येतं.

की टू अँड्रॉइड 8.1 वरच थांबला. बँकेची ॲप एकेक करून ‘फोन जुना झाला’ म्हणायला लागली की दुसरा, काचेचा फोन घ्यावाच लागतो. मग खिशात दोन.