द्राक्षबागेच्या बॉटला बटणं लावली, आणि ६५ व्या बाइटवर अडकले

दिंडोरीच्या मामांच्या द्राक्षबागेत फवारणीची नोंद ठेवायला जो टेलिग्राम बॉट (चॅटमध्ये आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) करतेय त्याचं हे पुढचं. आत्तापर्यंत तो फक्त टाइप केलेलं वाचायचा आणि तिथेच सगळं अडत होतं, कारण ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीची धांदल सुरू, हाताला औषध नाहीतर माती, त्यात मामा द्राक्षावरच्या डावणी रोगाचं नाव एकदा डावणी लिहिणार, एकदा डाऊनी, एकदा नुसतंच "डवनी मारली", आणि बॉटचं उत्तर ठरलेलं, समजलं नाही. फवारणीची वही मामी ठेवतात. माल एक्स्पोर्टला द्यायचा तर कुठलं औषध कधी मारलं ही नोंद लागतेच, शेवटची फवारणी आणि काढणी यात पीएचआयचे, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे, दिवस गेले का तेही त्यावरूनच कळतं. म्हणजे एक ओळ चुकली तरी चालणार नाही.

टेलिग्राममध्ये बटणं दोन प्रकारची. एक रिप्लाय कीबोर्ड, तो फोनच्या कीबोर्डच्या जागी येतो आणि दाबलं की बटणावरचा मजकूर तुमचाच मेसेज म्हणून जातो. दुसरा इनलाइन कीबोर्ड, २०१६ पासून आहे, तो बॉटच्या मेसेजखालीच चिकटलेला असतो, दाबलं तरी चॅटमध्ये काही उमटत नाही, बॉटला आतून कॉलबॅक डेटा, म्हणजे त्या बटणामागे आपण भरून ठेवलेला मजकूर, मिळतो. मी इनलाइन घेतला, कारण कुठल्या मेसेजखालचं बटण दाबलं तेसुद्धा बॉटला कळतं.

आणि मग दोन संध्याकाळी गेल्या. कॉलबॅक डेटात मी सरळ मराठीच भरत होते, "फवारणी:भुरी:विहिरीकडचा" वगैरे (भुरी हा दुसरा रोग, विहिरीकडचा हा प्लॉट), म्हणजे बॉटचा लॉग वाचताना आपल्यालाही कळेल. खालच्या प्लॉटला सगळं व्यवस्थित. विहिरीकडच्या प्लॉटला एकटं भुरीचं बटण लावलं तर चालतंय, सोबत डावणीचं लावलं की अख्खा मेसेजच परत येतोय, बटण डेटा इनव्हॅलिड. स्पेलिंग तपासलं, कोलन तपासला, लायब्ररी अपडेट केली, काही नाही. शेवटी बाइट मोजले. कॉलबॅक डेटाला मर्यादा ६४ बाइटची आहे, अक्षरांची नाही, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, वेलांटी, हलंत सगळं वेगवेगळं मोजून. "फवारणी:डावणी:विहिरीकडचा" याची लांबी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा २३ चिन्हं सांगते, बाइट होतात ६५. एक जास्त! भुरीचे ६२ होतात म्हणून ते सुटत होतं. आणि एक बटण चुकलं की सगळा मेसेज नाकारला जातो, त्यामुळे दोष नेमका कुठल्या बटणात ते दिसतही नाही. मराठीत बॉट करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा, हातात जेमतेम २१ चिन्हं असतात. आता बटणात फक्त नंबर जातो, त्या नंबरची ओळ एस्क्यूलाइट या डेटाबेसमध्ये, आणि दिसायला बटणावर पूर्ण मराठी. हेच बरोबर वाटतं, प्लॉटचं नाव उद्या बदललं तरी जुनी बटणं मोडत नाहीत.

मग बागेत ट्रायल. मामांचा फोन आला, "अगं, दाबलं तर नुसतं फिरतंय." इकडे बघते तर एकाच फवारणीच्या चार नोंदी. कॉलबॅक आला की बॉटने त्याला उत्तर द्यावं लागतं, दाखवायला काही नसलं तरी, नाहीतर बटण लोडिंगच दाखवत राहतं आणि समोरचा माणूस परत परत दाबतो, त्यात मामांची काय चूक. म्हणून पहिल्याच ओळीत उत्तर, मग नोंद, मग मेसेज एडिट करून बटणं काढून टाकायची आणि तिथे "नोंद झाली" लिहायचं. शिवाय टेबलात मेसेज आयडी युनिक केला, चार वेळा दाबलं तरी ओळ एकच.

यातूनच पुढची चूक निघाली आणि ही जास्त गंभीर होती. बॉट इथे नाशकात माझ्या जुन्या लॅपटॉपवर पोलिंगने, म्हणजे नवीन काही आलं का हे टेलिग्रामला सतत विचारत, चालतो. एका रात्री लाइट गेली, बॅटरी उतरली, मामांनी तेव्हाच बटण दाबलेलं. टेलिग्राम न पोचलेले अपडेट २४ तासांपर्यंत धरून ठेवतं, त्यामुळे सकाळी कॉलबॅक मिळाला, पण इतक्या उशिरा उत्तर द्यायला गेलं की क्वेरी जुनी झाली म्हणून एरर येतो, आणि उत्तर पहिल्या ओळीत असल्यामुळे खालची नोंद झालीच नाही. मामींच्या वहीशी ताळा केला म्हणून सापडलं. आता उत्तराची ओळ ट्रायमध्ये आहे, ती पडली तरी नोंद होणारच. आणखी एक, कॉलबॅकमध्ये बटण किती वाजता दाबलं ते येतच नाही, येते ती मूळ मेसेजची वेळ. म्हणून तारीख बॉटने गृहीत धरायची नाही, फवारणीनंतर "आज" आणि "काल" अशी दोन बटणं येतात, आणि नंबरामागच्या ओळीत खरी तारीख असते, म्हणजे कालचं "आज" आज दाबलं तरी गडबड नाही.

मोकळ्या प्रश्नांना उत्तर लँग्वेज मॉडेल देतं. त्याच्याखालची बटणं आधी त्यालाच सुचवायला सांगितली होती, ते बंद केलं. कधी लेबल लांबलचक, कधी बागेत नसलेलाच प्लॉट, आणि एकदा बटणावर औषधाचं प्रमाण लिहून आलं, ते तर अजिबात नको, बटण दिसलं की माणूस दाबतो. आता मॉडेलने माझ्या यादीतले नंबर निवडायचे, यादीत नसलेला नंबर आला तर बटणच लागत नाही.

व्हॉट्सॲपवर कधी आणणार असं मामी विचारतात, फोनवर तेच उघडं असतं म्हणून. तिथे एका मेसेजला रिप्लाय बटणं तीनच आणि लेबल २० अक्षरांचं, त्यापेक्षा जास्त पर्याय असतील तर लिस्ट घ्यायची, तीही १० ओळींची. आमचे प्लॉट चार आहेत, त्यामुळे पहिलाच प्रश्न लिस्टवर जाईल. ते फळकाढणीनंतर.

या शनिवारी दिंडोरीला जाणार आहे. मामींच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं आहे, एका रांगेत तीन बटणं ठेवली तर "विहिरीकडचा" अर्धाच दिसतो, म्हणून दोन-दोनची रांग केलीय, आणि बागेत भर उन्हात ती वाचता येतात का ते त्यांच्याच हातात फोन देऊन बघायचंय.