युमीच्या गोष्टीतला नायक

शुक्रवार, रात्री

महिनाअखेरची कामं उरकून घरी आले आणि 'युमीज सेल्स' या कोरियन मालिकेच्या पहिल्या सीझनचे उरलेले भाग एका बैठकीत संपवले. उद्या सुट्टी आहे म्हणून जमलं. आता झोप येत नाहीये, तर मनात आहे ते लिहूनच टाकते.

कोरियन प्रेमकथा मला मनापासून आवडतात. मोठ्या उद्योगाचा एकुलता एक वारस, पहिला बर्फ, ऐनवेळी छत्री घेऊन हजर होणारा तो, हे सगळं मी कितीही वेळा पाहू शकते. पण किम युमी माझ्या जास्त जवळची आहे. सोलमधल्या एका नूडल्स कंपनीत ती अकाउंट्समध्ये काम करते. वय तिशीतलं. बोलणं कमी. तिच्या डोक्यात मात्र एक अख्खं गाव वसलंय आणि त्या गावात निळ्या कपड्यांतल्या चिमुकल्या पेशी राहतात. विवेकपेशी, भावनापेशी, तोकबोक्कीसाठी (तांदळाच्या पिठाचा तिखट कोरियन पदार्थ) आकांत मांडणारी धिप्पाड भूकपेशी, आणि या सगळ्यांत मानाची प्रेमपेशी.

सुरुवातीलाच आपल्याला कळतं की मागच्या प्रेमभंगाच्या वेळी युमी इतकी रडली होती, की गावात पूर आला. त्या पुरात प्रेमपेशी सापडली आणि बेशुद्ध झाली. त्याला तीन वर्षं होऊन गेली. या तीन वर्षांत युमी वेळेवर ऑफिसला जातेय, हिशेब जुळवतेय, घरी येऊन जेवून झोपतेय. आजूबाजूच्या कुणालाच वाटत नाही की हिचं काही बिघडलंय. प्रेमभंगानंतरचं इतकं खरं चित्र मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही. पहिले काही दिवस माणूस रडतं तेव्हा विचारायला सगळे येतात. त्यानंतरचा जो लांबलचक, कोरडा काळ असतो, तो कुणी दाखवत नाही. इथे तो दाखवलाय, आणि तोही एका इवल्याशा पेशीला गाढ झोपवून.

शनिवार

ही मालिका ज्यावर बेतलीय ते मूळ वेबटून, म्हणजे इंटरनेटवर भागांत येणारी चित्रकथा, आज वाचायला घेतलं. ली डोंग-गन यांचं हे वेबटून नेव्हर या कोरियन संकेतस्थळावर 2015 ते 2020 असं चाललं, एकूण 512 भाग. मालिका 2021 मध्ये आली. पहिल्या सीझनचे भाग 14, दिग्दर्शक ली सांग-योब. लेखनात सोंग जे-जंग आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. 2016 मधली 'डब्ल्यू' ही मालिका त्यांचीच. त्यात तर वेबटूनमधला नायकच खऱ्या जगात येतो. चित्रातलं जग आणि आपलं जग यांच्यामधून ये-जा कशी करायची, हे या बाईंना चांगलंच ठाऊक आहे.

वेबटून मोबाइलवर अंगठ्याने वर सरकवत वाचायचं असतं. दोन चौकटींमध्ये किती जागा सोडायची हे चित्रकार ठरवतो. नायिका मेसेजची वाट पाहत असेल, तर तो नुसती मोकळी जागा ठेवतो आणि आपण सरकवत राहतो, सरकवत राहतो. ती वाट आपल्या बोटाला जाणवते. टीव्हीवर हे करायचं कसं? तिथे सगळा भार किम गो-उनवर आहे. गावात पेशींची धावपळ, आरडाओरडा, सभा, भांडणं चाललेली असतात. ती थ्रीडी ॲनिमेशनमधली धमाल संपून कॅमेरा माणसांच्या जगात येतो, तर युमी फोन हातात धरून नुसती बसलेली. फार तर पापणी हलते, ओठ किंचित मुडपले जातात. एवढ्यावर आपल्याला आतलं सगळं कळतं. 2016 मध्ये तिने 'चीज इन द ट्रॅप'मध्ये काम केलं होतं, तेही वेबटूनवरच बेतलेलं. मला ती तिथेही आवडली होती, पण हे काम तिच्या सर्वोत्तम कामांत धरायला हवं.

युमीच्या प्रियकराच्या, गू वुंगच्या भूमिकेत अन बो-ह्युन आहे. 'इतेवॉन क्लास'मध्ये त्याने साकारलेला मुजोर श्रीमंत पोरगा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा तोच माणूस आहे हे सांगूनही पटायचं नाही. इथे तो साधा, सरळ, गेम तयार करणारा. कपड्यांची समज नाही, गोड बोलता येत नाही. जे वाटतं ते सोप्या शब्दांत सांगतो, आणि त्यामुळेच युमीची प्रेमपेशी उठून उभी राहते.

रविवार

दुपारी आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी शेवटचे भाग पुन्हा लावले होते आणि तिला संवाद मराठीत सांगत होते. वुंगची कंपनी अडचणीत येते, पैशांची ओढाताण सुरू होते. आपल्यावर काय गुदरलंय हे तो युमीला धड सांगत नाही. त्याचा स्वाभिमान आड येतो. युमीला एवढंच दिसतं की हा लांब चाललाय. तिच्या गावातल्या पेशी कारणं शोधून थकतात.

आई हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "तुझे बाबाही असेच गं."

मग तिने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. मी शाळेत असताना बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं आणि हप्ते थकले होते. घरी कुणाला पत्ता नव्हता. बाबा कामावर गेलेले असताना नोटीस आली आणि आईनेच सही करून ती घेतली. ती म्हणाली, "पैशांचं मला काही वाटलं नाही. बांगड्या होत्या, त्या दिल्या असत्या. पण इतके महिने ते एकटेच जागत होते, आणि मी शेजारी झोपले होते."

बाबांनी त्रास होऊ नये म्हणून लपवलं, यात मला शंका नाही. वुंगचंही युमीवर प्रेम आहे, तो वाईट माणूस नाही. मालिकेने त्याला खलनायक केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ज्याला आपण 'काळजी' म्हणतो त्यात समोरच्या बाईला बाहेर उभं केलेलं असतं, हे वुंगच्या गप्प बसण्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसलंय. बाईला संकटातला वाटा हवा असतो. तो नाकारला की ती पाहुणी होते, मग घर कितीही प्रेमाचं असो.

आई-बाबांचं निभावलं. युमी आणि वुंग वेगळे होतात. दोन्ही खरं आहे.

बुधवार

ऑफिसमध्येही एक प्रसंग डोक्यातून जात नव्हता. युमी आपल्याच पेशींच्या गावात जाते. तिथे एक सूचनाफलक आहे आणि तो सांभाळणारी एक पेशी आहे. युमी तिच्याशी वुंगबद्दल बोलते. हाच आपल्या गोष्टीचा नायक असावा, अशी तिची आशा आहे. ती पेशी शांतपणे सांगते की इथे नायक असा कुणी नाहीच. या गावात मुख्य पात्र एकच, आणि ते म्हणजे तू.

प्रेमकथेच्या ऐन मध्यावर लेखकाने हे सांगावं, याला धाडस लागतं. पाहणारे सगळे वुंगच्या बाजूने झालेले असतात, मीही होते. आणि गोष्ट पुढे खरोखर या बोलाला जागते. 2022 च्या दुसऱ्या सीझनमध्ये पार्क जिन-योंगचा यू बाबी येतो. मृदू, समंजस, मनातलं ओळखणारा. त्याच्याबरोबर असतानाच युमी नोकरी सोडून लिहायला लागते. बाबीचं मन मध्ये एकदा दुसरीकडे वळतं, तो परततो, दोघं पुन्हा जुळवून घेतात. अखेर तो लग्नाचं विचारतो. युमी नाही म्हणते.

या नकारावर माझी मैत्रीण अजून नाराज आहे. तिच्या मते इतका चांगला मुलगा हातचा घालवला. मला पटत नाही. युमीने त्याला शिक्षा केलेली नाही, त्याच्या चुकीचा हिशेब चुकता केलेला नाही. त्याच्यावरचा विश्वास पूर्वीसारखा भरून आलेला नाही, हे तिला स्वतःला नीट कळलंय, आणि वय, लोक, एकटेपणा यातल्या कशाच्याही भीतीने ती ते झाकत नाही. पूर येऊन गेलेल्या त्याच गावातली ही बाई आहे. या वेळी ती आपल्या पेशींचं ऐकून घेते.

आईला दुसरा सीझन या शनिवारपासून दाखवणार आहे. बाबी तिला आवडणार हे नक्की, आणि नकाराच्या भागात ती मैत्रिणीचीच बाजू घेईल. मी युमीची बाजू सोडणार नाही.